म्हातारीचं आधी

गिऱ्हाइकानं पैसे दिले की ती त्यातली एक नोट आधी बाजूला काढायची, कमरेच्या कापडी पिशवीत सरकवायची आणि म्हणायची, "म्हातारीचं आधी." मग उरलेले पैसे शिलाई मशीनच्या खणात जायचे. गिऱ्हाईक घाईत असो, सुट्ट्यांची ओरड असो, बाहेर रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला असो, हा क्रम बदलायचा नाही. पुढे लोक मोबाइलवरून पैसे द्यायला लागले तेव्हा तिची पंचाईत झाली. तिनं त्यावरही तोड काढली. संध्याकाळी मशीन बंद करायच्या आधी ती मोबाइल हातात घ्यायची, म्हातारीचा वाटा दुसऱ्या खात्यात पाठवायची आणि पाठवताना त्या मोबाइललाही तेच सांगायची.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचं एखादं वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की त्याचा अर्थ विचारायचं राहूनच जातं. माझं तसंच झालं. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात पेन्शनच्या सेक्शनमध्ये होते आणि तिच्या खोलीपासून दहा मिनिटांवर सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. ती दिल्लीच्या मुनिरक्यातल्या एका गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत साड्यांना फॉल-पिको करायची, ब्लाउज शिवायची, पँटच्या चेनी बदलायची. नवरा एका शेठची गाडी चालवायचा. तो वारला तेव्हा मुलगा चौथीत होता. वयानं आम्ही दोघी जवळजवळ बरोबरीच्या, पण मी तिला ताई म्हणायचे आणि ती मला मॅडम. 'मॅडम' नको म्हणून मी एकदा सांगून पाहिलं. "राहू दे हो, सवय झाली जिभेला," म्हणाली.

मला वाटायचं, घरात सासू असणार. अंथरुणाला खिळलेली, कटकटी, सुनेच्या कमाईतला पहिला वाटा हक्कानं मागणारी. मनातल्या मनात मी त्या सासूला बरीच नावंही ठेवली होती. एका थंडीत मला दया आली आणि मी एक लोकरीची शाल घेऊन गेले. "तुमच्या म्हातारीला द्या," म्हटलं.

तिनं शाल दोन बोटांत धरून पोत पाहिला. "कापड चांगलं आहे. पण ती यायला अजून वेळ आहे, मॅडम."

"कुठून येणार आहेत?"

"इकडूनच." तिनं स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अजून सतरा वर्षं आहेत. साठ झाली की येईल ती, आणि माझ्याच घरी राहील. कमवायची तर काही नाही. मग खायला नको का घालायला तिला?"

मी तिथं हसले. घरी येईपर्यंत मात्र माझं हसू मावळलं होतं. नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं, मुलाची फी थकली होती, खोलीचं भाडं दर वर्षी वाढत होतं, आणि ही बाई सतरा वर्षांनी येणाऱ्या एका म्हातारीची सोय करत बसली होती. माझा सगळा जन्म दुसऱ्यांच्या म्हातारपणाच्या फायली सरकवण्यात गेला, पण स्वतःच्या म्हातारपणाकडे असं समोरासमोर मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्याची गरजच नव्हती म्हणा. मी जुन्या पेन्शनवाली, माझ्या म्हातारपणाची काळजी सरकारला.

हे तिच्या डोक्यात कुठून आलं, ते तिनं पुढे कधीतरी सांगितलं. तिला शिवण शिकवणारे एक मास्टरजी होते, त्याच गल्लीत. हात इतका साफ की लांबलांबचे लोक सूट शिवायला यायचे. पंचाहत्तरी उलटली तरी ते मशीनवर बसायचे, कारण न बसून करणार काय? एके दिवशी ती त्यांच्याकडे गेली तर ते आलेल्या गिऱ्हाइकालाच म्हणत होते, "बेटा, ज़रा सुई में धागा डाल दे." गिऱ्हाइकानं दोरा ओवून दिला, आपला कपडा उचलला आणि "फिर आता हूँ" म्हणून निघून गेलं.

"ते गिऱ्हाईक परत आलं नाही ना, त्याचं काही नाही," ती म्हणाली. "मास्टरजी बघत बसले त्या ओवलेल्या सुईकडे. ते मला बघवलं नाही. माणसाचं काम सुटावं, मॅडम. कामानं माणसाला सोडू नये."

मी माझ्या हुशारीच्या भरात तिला बँकेत घेऊन गेले. त्या कापडी पिशवीतले पैसे पीपीएफमध्ये टाकायचे, पंधरा वर्षांनी खातं पिकेल, तेवढं मी तिला समजावलं होतं. खिडकीतल्या तरुणानं 'रिटायरमेंट' हा शब्द ऐकून तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नौकरी कहाँ करती हैं आप?"

"अपने यहाँ."

"मालिक कौन है?"

"मैं."

"तो आपको रिटायर कौन करेगा?"

"वो भी मैं," ती म्हणाली आणि फॉर्मवर सही केली. सही करतानाही तिचा हात कापड कापताना असायचा तसा, रेघ न हलवता सरळ.

यापुढची गोष्ट मी ऑफिसात सांगायचे तेव्हा लोकांना पटायची नाही. दिल्लीत श्राद्ध, म्हणजे आपला पितृपक्ष, सुरू झाला की कपड्याच्या दुकानांत माशा मारायची वेळ येते. त्या पंधरवड्यात कोणी नवं कापड घेत नाही, शिवत नाही. शिंपी लोक एरवी या दिवसांत मशीनला तेल घालतात, उधाऱ्या वसूल करतात, गावी जातात. ही बाई रिटायर व्हायची.

म्हणजे अगदी खरोखर. पहिल्या दिवशी मशीनवर जुनी साडी टाकायची. म्हातारीला महिन्याला साधारण किती मिळतील याचा अंदाज मी काढून दिला होता. त्याच्या निम्मे पैसे वेगळे काढायचे आणि पंधरा दिवस तेवढ्यातच भागवायचं. भाडं, भाजी, औषध, बसभाडं, सगळं. मशीनला हात लावायचा नाही आणि खणातल्या पैशांनाही नाही. मुलाचा खर्च तेवढा वेगळा ठेवायची. "तो म्हातारीच्या वेळी कमावता असेल," म्हणायची.

पहिल्या वर्षी अकराव्या दिवशी पैसे संपले. मी भेटायला गेले तर ती कपाळाला हात लावून बसलेली.

"काय झालं?"

"शेजारणीच्या नातवाचं बारसं झालं. म्हातारीला आहेर करावे लागतात, हे मी धरलंच नव्हतं यार!"

त्या दिवसापासून कापडी पिशवीत जाणारी नोट मोठी झाली. दुसऱ्या वर्षी दाताचं दुखणं निघालं, तिसऱ्या वर्षी भाडं वाढलं. दर वर्षी त्या पंधरा दिवसांत म्हातारीचा कुठला तरी नवा खर्च कळायचा आणि दिवाळीपासून त्याची तरतूद सुरू व्हायची. आमच्या सेक्शनमध्ये वेतन आयोगाच्या अहवालावर वाद घालणारे एकाहून एक विद्वान होते. त्यातल्या एकानंही आपल्या पेन्शनवर पंधरा दिवस राहून पाहिलं नव्हतं, मी तर नाहीच नाही.

गल्लीतल्या बायकांना हे काही रुचायचं नाही. श्राद्धाच्या दिवसांत असले उद्योग करू नयेत, अशुभ असतं, असं त्यांचं म्हणणं. ती नवऱ्याच्या तिथीला पान वाढायची, कावळ्याला घास ठेवायची आणि मग आत येऊन स्वतःचं ताट घ्यायची. "ह्यांचं झालं. आता तिचं," म्हणायची. ज्या दिवसांत सगळी दिल्ली मागं गेलेल्यांना जेवू घालत होती, त्या दिवसांत ही एकटी पुढून येणारीला जेवू घालत होती. मला ते अशुभ कधी वाटलं नाही.

चौथ्या की पाचव्या वर्षी पैसे पुरले, पण दिवस काही सरेना. तिसऱ्या दिवशी तिनं शेजारणीचा पडदा मागून आणून हातानं टीप घातली आणि मग स्वतःवरच चिडली. पैशाइतकीच वेळाचीही सोय करावी लागते, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. पुढे बायकांना बस फुकट झाली आणि तिचा प्रश्न सुटला. पंधरवडाभर रोज एक बस पकडायची, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. एकदा मी रजा टाकून तिच्याबरोबर गेले. आम्ही हिंदूराव हॉस्पिटलच्या थांब्यावर उतरलो आणि रिजच्या टेकडीवर झाडाखाली बसून पोळीची गुंडाळी खाल्ली.

"हा कोण हो हिंदूराव?" तिनं विचारलं.

"ग्वाल्हेरकडून आलेला कोणी होता. इथं येऊन राहिला."

तिनं आजूबाजूची झाडं पाहिली, उतारावरून येणारं वारं घेतलं. "मग रिटायर होऊनच आला असणार. काम करणाऱ्याला एवढी हवेशीर जागा कशाला लागते?"

तिला हे सगळं एकटीपुरतं ठेवणं जमलंच नाही. गल्लीतल्या प्रत्येक हातावर पोट असलेल्या माणसाला ती गाठायची. इस्त्रीवाल्याला तिनं एकदा विचारलं, "भैया, आपके बुड्ढे का क्या इंतज़ाम है?" त्याला वाटलं, ही आपल्या वडिलांना बुड्ढा म्हणते आहे. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं त्याला बसवून समजावलं, आणि मग तोच तिच्याबरोबर बँकेत गेला. पार्लरवाली गेली, मोमो विकणारी बाई गेली. बँकेतल्या त्या तरुणाची तोवर दोनदा बदली झाली होती, पण नव्या माणसालाही ही बाई कोण ते ठाऊक असायचं.

मुनिरक्यात महाराष्ट्रातल्या गावांतून यूपीएससीला आलेल्या मुली पुष्कळ. इंटरव्ह्यूची साडी फॉल लावायला आणायच्या आणि घाबरून तिथंच बसून राहायच्या. ती त्यांना चहा पाजायची, साडी नेसवून दाखवायची, पदराला पिन कुठं लावली की हात हलवताना ओढ बसत नाही ते सांगायची. "तुमचं म्हातारपण सरकार तयार देणार. आम्हाला आपलं आपणच शिवावं लागतं," असं म्हणायची, पण त्यात कुरकुर नसायची. सरकार आता नव्या नोकरांच्या पगारातूनही कापून घेतं, हे त्यातल्या एकीनं सांगितलं तेव्हा तिला फार आनंद झाला. "अच्छा! म्हणजे सरकारलाही अक्कल आली."

मुलगा हुशार निघाला. तिच्या फॉल-पिकोवर तो इंजिनिअर झाला आणि गुरुग्राममध्ये एका उंच काचेच्या इमारतीत नोकरीला लागला. मुलगा चांगला होता, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्याला वाईट म्हणाल. आईला तो पहिल्या पगारात फोन घेऊन आला होता. आठवड्याला यायचा, गल्लीच्या टोकाला कॅब सोडून चालत यायचा. मग त्याचं लग्न ठरलं, आणि लग्नाआधी फ्लॅट घ्यायचं ठरलं. बिल्डरला सुरुवातीला भरायची रक्कम त्याच्याकडे अपुरी होती. नेमकं त्याच वर्षी आईचं पीपीएफ पिकलं होतं.

तो माझ्याकडे आला. "मावशी, तुम्ही पेन्शनमध्येच आहात. तुमचं ती ऐकते. प्लीज समजावा ना तिला. पैसे कुठं वाया जात नाहीयेत. घरात तिची पण खोली असेल. ती आमच्याबरोबरच राहणार ना शेवटी?"

मला त्याचं म्हणणं पटलं. पटणारच. मी माझा प्रॉव्हिडंट फंड आधी मुलीच्या शिक्षणाला फोडला होता, मग तिच्या लग्नाला, मग जावयाच्या धंद्याला. आपल्याकडे आईबापांनी हेच करायचं असतं, असंच मी धरून चालले होते. मी संध्याकाळी तिच्या खोलीवर गेले आणि सरकारी आवाजात सुरुवात केली. घर ही पण गुंतवणूकच असते, मुलगा सोन्यासारखा आहे, एकुलता एक आहे, शेवटी सगळं त्याचंच आहे वगैरे.

तिनं पायाखालची मशीन थांबवली. "मॅडम, तुमची पेन्शन तुम्ही मुलीला द्याल?"

"माझी पेन्शन कशी देणार? ती माझ्याच खात्यात येणार."

"मुलीनं मागितली तर?"

"मागून काय होणार? सरकार ती दुसऱ्याच्या नावावर करूच देत नाही. विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. नियमच आहे तसा."

"का केला असेल तसा नियम?"

नियम का केला ते मला पाठ होतं. पेन्शनरला त्याच्या मायेच्या माणसांपासून वाचवायला.

"मग माझं सरकार मीच आहे," ती म्हणाली. "मी पण नाही करू देत."

एवढं बोलून तिनं मशीन पुन्हा सुरू केली. तीस वर्षं मी ज्या नियमाचा क्रमांक फायलींवर लिहीत आले, तो या बाईनं स्वतःसाठी, स्वतःविरुद्ध, एकटीनं केला होता. आमच्यामागे सगळं सरकार उभं असतं. तिच्यामागे तिची ती जिन्याखालची खोली होती आणि समोर पोटचा पोर मागायला उभा होता.

मुलगा रागावला. खूप रागावला. त्यानं जास्त कर्ज काढलं, दोन खोल्यांऐवजी एका खोलीचा फ्लॅट घेतला, तोही आणखी दूर. लग्नात आईच्या पाया पडला, पण बोलला नाही. आठवड्याची फेरी महिन्यावर गेली, मग सणावर. त्या दिवाळीला आलाच नाही. भाऊबीजेच्या दिवशी मी गेले तर ती मशीनवर बसून होती, कापड नसतानाच. डोळे लाल झालेले.

"चुकलं का हो माझं?" तिनं विचारलं. एवढ्या वर्षांत तिनं मला असा प्रश्न पहिल्यांदाच विचारला. "गल्लीतल्या सगळ्या म्हणतात, पोराला दिलं नाही, पैसे छातीवर घेऊन जाणार आहे."

"तुम्हाला काय वाटतं?"

तिनं मशीनचं चाक हातानं एकदा फिरवलं. "मी दिले असते ना, तर दहा वर्षांनी मी त्याच्या दारात बसले असते. तो चांगला आहे म्हणून काही बोलला नसता. पण मी रोज बघितलं असतं त्याच्या तोंडाकडे, आज बरं आहे की नाही म्हणून." तिनं पदरानं डोळे पुसले. पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटले होते, ते गालाला लागले. "मला त्याच्याकडे तसं नाही बघायचं. मला आईसारखं बघायचंय."

पुढच्या महिन्यात ती न बोलावता त्याच्या फ्लॅटवर गेली, इंचाच्या टेपानं सगळ्या खिडक्या मोजून आली आणि पडदे शिवून दिले. अस्तर लावून, चुण्या धरून, दुकानात बघायला मिळणार नाहीत असे. पैसे सोडून तिनं त्याला सगळं दिलं. सुनेचे ब्लाउज, दोघं आजारी पडली तेव्हा पंधरा दिवस त्यांच्याकडे राहून स्वयंपाक, दर रविवारी मेट्रोनं नेऊन दिलेला डबा. हळूहळू त्याचा राग निवळला. पूर्ण गेला असं मात्र मला कधी वाटलं नाही. फ्लॅटचा विषय निघाला की तो खिडकीकडे बघायला लागायचा.

साठ पूर्ण झाली त्या दिवशी ती खरंच थांबली. आधीच्या महिन्यात तिनं गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं होतं, हातातलं सगळं काम पुरं केलं होतं आणि मशीन पार्लरवालीच्या भाचीला विकली होती. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "तुमच्या ऑफिसात निरोप देतात तसा मला द्या."

दिला. तिच्याच खोलीत. इस्त्रीवाल्यानं झेंडूचा हार आणला, मोमोवालीनं समोसे, पाच-सहा यूपीएससीच्या मुली आल्या. मी घरच्या कॉम्प्युटरवर अस्सल सरकारी भाषेत आदेश टाइप केला की, नियत वयोमान पूर्ण झाल्यामुळे श्रीमती अमुक यांना आज दुपारनंतर सेवेतून मुक्त करण्यात येत आहे. खाली सही करण्यासाठी 'सक्षम प्राधिकारी' अशी जागा सोडली. मी वाचून दाखवल्यावर तिनं कागद घेतला, पेन मागितलं आणि स्वतःच सही केली. सगळे हसले. ती नाही हसली. मुलगा उशिरा आला, ऑफिसातून तडक. दारातच बूट काढून आईच्या पाया पडला आणि कोपऱ्यात उभा राहून समोसा खात होता. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही, पण तो आदेश त्यानं दोनदा वाचला.

त्याच वर्षी मीही रिटायर झाले. माझी पेन्शन दर महिन्याला न चुकता येत होती आणि मी सकाळी नऊ वाजता तयार होऊन सोफ्यावर बसत होते, जायला कुठंही नसताना. तिनं माझी ही दशा पाहिली आणि मला ताब्यात घेतलं. तिला पंधरा-सोळा वर्षांचा सराव होता. दुपारी कसं झोपायचं, थंडीत बागेत उन्हाला बसायला कुठला बाक धरायचा, शेंगदाणे कसे पुरवून खायचे, कोणी "आजकल क्या करती हैं?" विचारलं तर शरमेशिवाय "कुछ नहीं" कसं म्हणायचं, हे सगळं तिनं मला शिकवलं. ती वाचनालयातून मराठी पुस्तकं आणायची. आंब्याच्या दिवसांत तिनं आयुष्यात पहिल्यांदा हापूसची पेटी विकत घेतली, एकटीसाठी. दोन आंबे मला दिले, तेही जरा जड हातानंच. इतकं निर्धास्त माणूस मी दुसरं पाहिलं नाही. ती कोणाकडेही काही मागत नव्हती, कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हती. महिन्यातून एकदा गुरुग्रामला जायची, दोन दिवस राहायची, भाजी-फळं आपल्या पैशानं न्यायची आणि स्वतःच्या खोलीवर परत यायची.

असे अकरा महिने गेले.

एका सकाळी मुलाचा फोन आला. तिला हृदयाचा झटका आला होता. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी त्या दिवसाबद्दल जास्त लिहिणार नाही. गल्लीतले सगळे आले होते, ज्यांची ज्यांची तिनं बँकेत खाती उघडली होती ते सगळे.

तेरावा झाल्यावर मुलगा एक फाइल घेऊन माझ्याकडे आला. साठीला तिनं साठवलेलं सगळं एकत्र करून एका विमा कंपनीची पेन्शन घेतली होती, एवढं मला माहीत होतं. फॉर्म भरायला ती एकटी गेली होती. त्या पेन्शनीत दोन प्रकार असतात. पहिल्यात दर महिन्याला जास्त मिळतात, पण माणूस गेलं की तिथंच सगळं संपतं. दुसऱ्यात दर महिन्याला कमी मिळतात, पण माणसामागे मूळ रक्कम वारसाला जशीच्या तशी परत मिळते. मी तिला पहिला घ्या म्हणून बजावून सांगितलं होतं. तुमचे पैसे आहेत, तुम्हीच खा, असंही म्हटलं होतं. "बघते," म्हणाली होती.

मी कागद उलटला. दुसऱ्या प्रकारासमोर तिनं बरोबरची खूण केली होती. खाली वारस म्हणून मुलाचं नाव, पूर्ण, सरळ रेघेत.

"एवढे सगळे मला येणार आहेत, मावशी," तो म्हणाला. "मी मागितले होते त्याच्यापेक्षा जास्त आहेत. तिनं महिन्याला कमी घेतले माझ्यासाठी. मला बोललीसुद्धा नाही."

मी त्याला पाणी दिलं. त्यानं ग्लास हातात धरून ठेवला, प्यायला नाही. कागदावर कुठं सही करायची ते मी त्याला दाखवलं. त्यानं पेन हातात घेतलं. मग टेबलावर डोकं टेकवून लहान मुलासारखा रडायला लागला.

"हे पैसे संपायला हवे होते, मावशी," तो म्हणत होता. "तिच्याच हातानं, सगळे संपायला हवे होते."